मऊ स्प्रिंग, ताठ स्प्रिंग : एका सोप्या वाक्याची तपासणी

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही फळ्यावर एकच प्रश्न लिहिला होता : ‘मोटारीच्या स्प्रिंगा मऊ असाव्यात की ताठ?’ पाच मिनिटांनी उत्तरे वाचून दाखवायला सांगितली. जवळजवळ प्रत्येकाने थोड्याफार फरकाने एकच वाक्य लिहिले होते : ‘स्प्रिंग मऊ असेल तर प्रवास आरामाचा होतो, ताठ असेल तर गाडी वळणावर स्थिर राहते, म्हणून दोहोंचा सुवर्णमध्य साधावा लागतो.’ हे वाक्य आम्ही पूर्वीही अनेकदा वाचले होते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ते असते, गाड्यांच्या जाहिरातींत ते वेगळ्या वेषात येते, गॅरेजमध्येही ते ऐकू येते. आमच्याही तोंडून ते वर्गात गेले असेल.

या लेखात आम्हाला या वाक्याची समीक्षा करायची आहे. हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. आमच्या एका सहकाऱ्याची लहान मोटार चारपाच माणसे बसली की मागून खाली बसायची आणि गतिरोधकावर घासायची. गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने त्यांनी मागच्या दोन्ही कॉइल स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबरी ठोकळे बसवून घेतले. स्प्रिंग ताठ झाली, गाडी उचलली गेली. ‘आता वळणावरसुद्धा गाडी कशी घट्ट बसते!’ असे ते आम्हाला आनंदाने सांगत. पुढे एकदा ते एकटेच, रिकाम्या गाडीतून, घाट उतरत होते. डांबर उखडलेल्या एका वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला आणि गाडी अर्धी फिरून कठड्याला टेकली. सुदैवाने इजा झाली नाही. वेग थोडा जास्त होता, टायरही झिजलेले होते. सगळा दोष ठोकळ्यांचा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ‘ताठ म्हणजे स्थिर’ या वाक्यावर त्यांचा जो भरवसा होता, तो भौतिकीच्या कसोटीला उतरतो का, हे पाहणे आम्हाला आवश्यक वाटले.

पहिला अर्धा भाग : मऊ म्हणजे आराम

हूकचा नियम आपण सर्वजण शिकवतो. स्प्रिंगला जितके बल लावावे तितक्या प्रमाणात ती दबते किंवा ताणली जाते. बल भागिले लांबीतील बदल म्हणजे स्प्रिंगची ताठरता. एकक न्यूटन प्रति मीटर. दोन उदाहरणे सोडवली की पाठ संपतो. मुलांच्या मनात एवढेच राहते की ताठरता हा स्प्रिंगचा गुण आहे आणि तो स्प्रिंगच्या जवळच असतो.

पण प्रवाशाला स्प्रिंगची ताठरता जाणवत नाही. त्याला जाणवतात ते हेलकावे, आणि हेलकाव्यांची गती ताठरता व तिच्यावरचे वस्तुमान या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरते. हे गुणोत्तर मोजायला एक फार सोयीची राशी आहे. गाडी उभी असताना आपल्याच वजनाने स्प्रिंग जितकी दबलेली असते, तिला आपण ‘स्थिर संकोच’ म्हणू. स्थिर संकोच सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचे वर्गमूळ काढा आणि त्याने ५ ला भागा. जे उत्तर येईल ती दर सेकंदाला होणाऱ्या हेलकाव्यांची संख्या, म्हणजेच हर्ट्झमधील वारंवारता. (गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति वर्ग सेकंद घेतले की हा ५ चा आकडा जवळजवळ बरोबर येतो. पडताळणी विद्यार्थ्यांवर सोपवावी.) संकोच २५ सेंटिमीटर असेल तर वारंवारता १ हर्ट्झ, १६ असेल तर १.२५, आणि ४ असेल तर २.५ हर्ट्झ.

आता दोन वाहने घेऊ. एका लहान मोटारीच्या चाकावर ३०० किलोग्रॅम भार आहे आणि तिथल्या स्प्रिंगची ताठरता २०,००० न्यूटन प्रति मीटर आहे. एका बसच्या मागच्या बाजूला ३,००० किलोग्रॅम भार आहे आणि ताठरता २,००,००० न्यूटन प्रति मीटर आहे. बसची स्प्रिंग दहापट ताठ. तरी दोन्हीकडे स्थिर संकोच सुमारे १५ सेंटिमीटर आणि वारंवारता सुमारे १.३ हर्ट्झ. म्हणजे प्रवाशाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच ‘मऊ’. उलट तीच बस रिकामी असेल आणि मागच्या चाकांवरचा भार निम्मा झाला तर संकोच साडेसात सेंटिमीटरवर येतो, वारंवारता १.८ हर्ट्झच्या पुढे जाते. स्प्रिंगला कोणी हात लावला नाही, पण ती ‘ताठ’ झाली. रिकाम्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसून ज्यांनी परीक्षेचे गठ्ठे मांडीवर सांभाळले आहेत, त्यांना याचा पुरावा द्यायची गरज नाही. कमानपाटे भरलेल्या बससाठी जुळवलेले असतात. आपण रिकाम्या बसमध्ये बसलेलो असतो. हवेच्या स्प्रिंगा वापरणाऱ्या बसगाड्यांत ही अडचण पुष्कळ कमी होते, कारण भार वाढला की फुग्यातील हवेचा दाब वाढवला जातो, दाबाबरोबर ताठरता वाढते आणि गुणोत्तर फारसे बदलत नाही.

मग स्प्रिंग मऊ मऊ करीत गेले तर आराम वाढतच जाईल का? माणसाचे शरीर बसलेल्या स्थितीत ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांनी सर्वांत जास्त त्रासते. पोटातील व छातीतील अवयव तेव्हा जोराने हलू लागतात. त्यामुळे या पट्ट्याच्या बरेच खाली, १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास, मोटारी जुळवल्या जातात. पण अर्ध्या हर्ट्झच्या खाली गेलो तर दुसरेच संकट उभे राहते. ती होडीची चाल झाली. पोटात ढवळू लागते. शिवाय आपला ५ चा नियम लावून पाहा : अर्ध्या हर्ट्झसाठी स्थिर संकोच तब्बल १०० सेंटिमीटर हवा! एक हजार किलोग्रॅमच्या अशा गाडीत तीनशे किलोग्रॅमची माणसे व सामान चढले तर ती आणखी ३० सेंटिमीटर खाली बसेल, म्हणजे जमिनीलाच टेकेल. वाक्य म्हणते की मऊपणाला मर्यादा स्थैर्यामुळे पडते. प्रत्यक्षात ती बरीच आधी, गाडीत चढणाऱ्या माणसांमुळे पडते.

वाक्यात नसलेली गोष्ट : पुढची आणि मागची

या वाक्याचा मोठा दोष असा की त्यात ‘स्प्रिंग’ हा शब्द एकवचनी आहे. मोटारीला पुढे दोन व मागे दोन स्प्रिंगा असतात, आणि आरामाचा प्रश्न त्यांच्यातील नात्याचा आहे. हे ज्यांनी स्पष्टपणे दाखवले ते मॉरिस ऑली नावाचे इंग्रज अभियंता. रोल्स-रॉइसमधून ते १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात गेले. त्या काळच्या मोटारींत पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा ताठ असत. पुढची दोन्ही चाके एकाच सलग आसाला जोडलेली असत, आणि स्प्रिंग मऊ केली की ती स्टिअरिंगसह थरथरू लागत; म्हणून ताठ स्प्रिंग हा नाइलाज होता. परिणामी रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्यानंतर गाडी घोड्यासारखी पुढेमागे डुलत राही.

ऑली व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठी मोटार घेऊन तिच्यावर सरकवता येतील अशी वजने बसवली आणि पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचे संकोच बदलत तिच्यातून ते फिरत राहिले. परिभ्रमण त्रिज्येच्या वर्गावरून त्या गाडीला ‘के-स्क्वेअर रिग’ असे नाव पडले. आराम मोजण्याचे मुख्य साधन गाडीत बसलेल्या माणसांचे शरीर हेच होते. निष्कर्ष मात्र स्वच्छ निघाला : पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असेल तर डुलणे थांबते आणि गाडी सपाट राहते. त्यासाठी पुढचा सलग आस काढून प्रत्येक चाक स्वतंत्र करणे भाग होते. १९३४च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ते आले.

असे का होते, ते आकड्यांनी पाहू. पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर आहे. एकाच उंचवट्यावर मागचे चाक पुढच्यानंतर ०.१५ सेकंदाने पोहोचते. पुढची वारंवारता १.२ आणि मागची १.४ हर्ट्झ समजा. पुढचा भाग दीड हेलकावा १.२५ सेकंदात पूर्ण करतो. मागचा भाग उशिरा निघाला, पण त्याचा हेलकावा जलद आहे. त्याचे दीड हेलकावे निघण्याचा उशीर धरून १.२२ सेकंदाला पूर्ण होतात. म्हणजे एवढ्या वेळात मागच्याने पुढच्याला गाठले. दोन्ही टोके आता एकदमच वर-खाली होतात आणि डुलणे उरत नाही. आता आकडे उलटे करा : पुढे १.४, मागे १.२. पुढचे दीड हेलकावे १.०७ सेकंदात संपतात, मागचे १.४० सेकंदाला. अंतर ०.३३ सेकंदाचे, म्हणजे अर्ध्या हेलकाव्याच्या जवळपास. पुढचे टोक वर जाते तेव्हा मागचे खाली. हाच तो घोडा! या दोन गाड्यांतील स्प्रिंगांच्या ताठरतेची सरासरी सारखीच आहे, हे ध्यानात घ्यावे.

हा प्रयोग वर्गात स्प्रिंगांशिवाय करता येतो. स्थिर संकोच जितका, तितक्या लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल आणि त्या स्प्रिंगचा आवर्तकाल सारखाच असतो. म्हणून एक मीटर व पाऊण मीटर लांबीचे दोन लंबक शेजारीशेजारी टांगावेत. लांब लंबक ‘पुढचा’ समजून आधी सोडावा आणि ‘एक’ म्हणण्याइतक्या वेळाने, साधारण एक-तृतीयांश सेकंदाने, आखूड सोडावा. दीड आंदोलनाच्या सुमारास दोघे जुळतात. मग क्रम उलटा करावा. दोघे विरुद्ध दिशांना गेलेले दिसतील. खऱ्या गाडीत शॉक अॅब्सॉर्बर असल्यामुळे दोनतीन हेलकाव्यांपुढे काही उरत नाही, म्हणूनच पहिल्या दीड हेलकाव्यांचे एवढे महत्त्व.

दुसरा अर्धा भाग : ताठ म्हणजे स्थिर

वळणावर गाडी कलते, आणि कललेली गाडी पाहून आपल्याला भीती वाटते. स्प्रिंग ताठ केली की कलणे कमी होते, भीती कमी होते, म्हणून आपण म्हणतो की गाडी स्थिर झाली. पण कलणे आणि घसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वळताना आतल्या चाकांवरचा भार कमी होऊन बाहेरच्या चाकांवर जातो. किती? वस्तुमान गुणिले वळणाचे त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले डाव्या-उजव्या चाकांतील अंतर. एक हजार किलोग्रॅमची गाडी, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर, चाकांतील अंतर १.४ मीटर आणि वळणाचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मे असेल तर सुमारे १,७५० न्यूटन भार इकडून तिकडे जातो. या सूत्रात स्प्रिंगची ताठरता कोठेच नाही! गाडी कलल्याने गुरुत्वमध्य थोडा बाजूला सरकतो, तेवढी बारीक दुरुस्ती सोडली तर स्प्रिंगा दगडासारख्या ताठ केल्या तरी हा आकडा तोच राहील. ज्यांनी गाडी ताठ केली त्यांनी कलणे थांबवले. भाराचे स्थलांतर थांबवले नाही.

मग स्प्रिंगांचे काम काय? हा १,७५० न्यूटनांचा बोजा पुढच्या जोडीने किती उचलायचा आणि मागच्या जोडीने किती, याची वाटणी मुख्यतः त्या करतात. जी जोडी कलण्याला जास्त विरोध करते तिच्या वाट्याला जास्त भार-स्थलांतर येते. आणि येथे टायरचा एक स्वभाव आडवा येतो. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीहून कमी वाढते. त्यामुळे दोन टायरांवर सारखा भार असताना त्यांची मिळून जी पकड असते, ती विषम भार असताना उरत नाही. एक काल्पनिक पण या स्वभावाला धरून घेतलेले उदाहरण पाहू. प्रत्येक चाकावर २,५०० न्यूटन भार असताना जोडीची पकड ४,५०० न्यूटन आहे. मागच्या जोडीने १,४०० न्यूटन स्थलांतर सोसले (चाकांवर ३,९०० आणि १,१००) तर तिची पकड सुमारे ४,३४० वर येते. पुढच्या जोडीच्या वाट्याला फक्त ३५० आले, तिची पकड सुमारे ४,४९० राहते. फरक तीनेक टक्क्यांचाच. पण दोन्ही जोड्या मर्यादेजवळ आल्या की आधी कोण सुटणार, हे ठरवायला तीन टक्के पुरतात.

पुढची चाके आधी सुटू लागली तर गाडी वळणाबाहेर सरकते आणि चालकाला स्टिअरिंग अधिक फिरवावे लागते. याला अंडरस्टीअर म्हणतात. मागची आधी सुटली तर शेपूट बाहेर जाते, गाडी हवी त्याहून जास्त वळते आणि स्वतःभोवती फिरू लागते, हा ओव्हरस्टीअर. या संज्ञा रूढ होण्यातही ऑली यांचा मोठा वाटा आहे. पहिल्या प्रकारात घाबरलेला माणूस वेग कमी करतो आणि बहुधा सावरतो. दुसऱ्या प्रकारात वेग एकदम कमी केला तर मागच्या चाकांवरचा भार आणखी घटतो आणि प्रकरण हाताबाहेर जाते. म्हणून सामान्य चालकासाठी गाड्या पहिल्या प्रकारच्या ठेवण्याचा प्रघात आहे.

आता आमच्या सहकाऱ्याच्या गाडीकडे पाहा. ठोकळे फक्त मागे बसवले होते. गाडी कमी कलू लागली, हे खरे. पण बोज्याच्या वाटणीत मागच्या चाकांचा हिस्सा वाढला. त्यात गाडी रिकामी, म्हणजे ताठरतेच्या मानाने मागचा भार फारच कमी. उखडलेल्या रस्त्यावर अशी ताठ स्प्रिंग चाकाला खड्ड्यात खाली जाऊ देत नाही, चाक क्षणभर हलके होते किंवा हवेतच राहते. आणि जमिनीला न टेकलेल्या चाकाला पकड कसली? त्यांनी ‘घट्टपणा’ म्हणून जे अनुभवले, तो धोक्याची सूचना देणाऱ्या कलण्याचा अभाव होता.

कॉर्व्हेअरचे प्रकरण

हा विषय एकेकाळी फार मोठ्या सार्वजनिक वादाचा झाला होता. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने १९६० सालचे मॉडेल म्हणून ‘कॉर्व्हेअर’ ही मोटार आणली. हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन मागे होते आणि वजनाचा तीन-पंचमांशाहून अधिक भाग मागच्या चाकांवर पडे. मागच्या प्रत्येक चाकाचा दांडा फक्त गिअरबॉक्सकडच्या टोकाला सांध्याने जोडलेला होता. चाक वर-खाली झाले की ते दांड्यासह तिरके होई. अशा रचनेत मागचा बराचसा बोजा स्प्रिंगांना वळसा घालून थेट दांड्यांतून जातो. म्हणजे मागच्या स्प्रिंगा मऊ असूनही गाडीचा मागचा भाग वळणावर ‘ताठ’ वागतो. जोराच्या वळणावर मागचा भाग उचलला जाऊन बाहेरचे चाक आत मुडपण्याचीही शक्यता असते.

यावर साधा उपाय होता : पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा, म्हणजे स्टॅबिलायझर बार, बसवून पुढचा हिस्सा वाढवायचा. साध्या कॉर्व्हेअरमध्ये १९६३ पर्यंत तो नव्हता. त्याऐवजी टायरांतील हवेवर भिस्त ठेवली होती : पुढे १५ पौंड आणि मागे २६ पौंड प्रति वर्ग इंच. पुढचे टायर मुद्दाम लुसलुशीत ठेवून पुढची पकड कमी करायची, ही कल्पना भौतिकीच्या दृष्टीने चूक नव्हती. पण चारही चाकांत सारखी हवा भरण्याची सवय असलेल्या जगात ती किती टिकणार?

राल्फ नेडर यांनी १९६५ साली ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहिले आणि त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. पुढच्याच वर्षी, १९६६ साली, अमेरिकेत वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. तो घडवून आणणाऱ्या लोकमतामागे नेडर यांच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. अपघात म्हणजे चालकाची चूक, एवढ्यावर न थांबता गाडीची रचनाही तपासली पाहिजे, ही त्यांची भूमिका आज सर्वमान्य आहे. पण वाचकांच्या मनात पुस्तकातून उरले ते एक वाक्य : ‘ही गाडी धोकादायक आहे.’ हे वाक्यही आपल्या ‘ताठ म्हणजे स्थिर’सारखेच एकेरी आहे. अमेरिकेच्याच महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेने १९७२च्या अहवालात १९६३च्या कॉर्व्हेअरची तिच्या काळातील इतर गाड्यांशी तुलना केली आणि ताबा सुटण्याचा धोका तिच्यात इतरांहून विशेष जास्त आढळत नाही, असा निष्कर्ष काढला.

मग खरे कोणाचे? आमच्या मते दोन्ही बाजूंचे प्रश्न वेगळे होते. अहवालाने विचारले : ‘ही गाडी समकालीन गाड्यांपेक्षा वाईट होती का?’ नेडर यांनी विचारले : ‘ती यापेक्षा चांगली करता आली असती का?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निर्मात्यांनी स्वतःच दिले. १९६४च्या मॉडेलमध्ये पुढे स्टॅबिलायझर बार सर्व गाड्यांना मिळाला, मागच्या कॉइल स्प्रिंगा मऊ केल्या आणि मागे एक आडवा पाटा बसवला. १९६५ मध्ये मागच्या दांड्यांना दोन-दोन सांधे देऊन मूळ रचनाच बदलली. १९६९ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले.

एकाच गाडीच्या अनेक ताठरता

१९६४ची ती दुरुस्ती शिक्षकांनी मुद्दाम अभ्यासावी, कारण आपल्या वाक्याचा उरलासुरला आधार ती काढून घेते. मागचा आडवा पाटा मध्यभागी असा टेकवलेला होता की दोन्ही चाके एकदम वर आली तर तो वाकून विरोध करी; पण एक चाक वर आणि दुसरे खाली गेले तर तो तराजूच्या दांडीसारखा नुसता झुके, विरोध करीत नसे. म्हणजे भार पेलण्यासाठी ताठ आणि कलण्यासाठी शून्य! पुढचा स्टॅबिलायझर बार नेमका याउलट : दोन्ही चाके एकदम वर आली तर तो नुसता फिरतो, एक वर व एक खाली गेले तरच त्याला पीळ पडतो आणि तो विरोध करतो. भार पेलण्यासाठी शून्य आणि कलण्यासाठी ताठ.

अशी दोन साधने हाती असताना ‘मऊ की ताठ’ हा प्रश्नच उरत नाही. कोणत्या हालचालीसाठी मऊ आणि कोणत्या हालचालीसाठी ताठ, असे विचारावे लागते. उभ्या हेलकाव्याची ताठरता वेगळी, डुलण्याची वेगळी, कलण्याची वेगळी. आणि त्या बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे ठरवता येतात.

याचे सुंदर उदाहरण फ्रान्समध्ये झाले. सित्रोएन कंपनीची ‘टू सीव्ही’ ही गाडी ऑक्टोबर १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बूलांजे यांनी तिच्यासाठी घातलेली अट प्रसिद्ध आहे : अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून गाडी न्यावी आणि एकही अंडे फुटू नये. त्यासाठी प्रत्येक बाजूच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या स्प्रिंगा गाडीच्या पोटाखाली एकाच नळकांड्यात ठेवून परस्परांशी जोडल्या. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की त्याचा परिणाम मागच्या टोकापर्यंत पोहोचे आणि डुलणे कमी होई. ही गाडी वळणावर इतकी कले की पाहणाऱ्याचा श्वास रोखला जाई. पण गुरुत्वमध्य खाली, ओढणारी चाके पुढे आणि मऊ स्प्रिंगांमुळे चाके रस्त्याला चिकटलेली. त्यामुळे ती कलूनही रस्ता सोडत नसे. आपल्या वाक्याप्रमाणे ही गाडी फार अस्थिर असायला हवी होती. १९९० पर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले.

वर्गात काय करावे?

आजच्या अनेक मोटारींत इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-नियंत्रण असते. गाडी फिरू लागली की ते एखाद्या चाकाचा ब्रेक आपण होऊन लावते आणि गाडी सावरते. पण टायरकडे असलेलीच पकड ते वापरते; नसलेली निर्माण करीत नाही. स्प्रिंगांची वाटणी बिघडवून वर यंत्राच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

हूकचा नियम वगळा किंवा त्या जागी मोटार-विज्ञान शिकवा, असे आमचे म्हणणे नाही. नियम तोच राहू द्यावा, प्रश्न बदलावेत. ‘ताठरता काढा’ या उदाहरणानंतर ‘याच स्प्रिंगवर दुप्पट वजन ठेवले तर ती प्रवाशाला मऊ वाटेल की ताठ?’ हे विचारावे. एका पट्टीच्या दोन टोकांना दोन वेगवेगळ्या स्प्रिंगा लावून ‘ही पट्टी उभी हलवताना किती ताठ आणि तिरपी करताना किती ताठ?’ हे मुलांना बोटांनी दाबून पाहू द्यावे. अकरावी-बारावीच्या मुलांनी बसस्थानकावर जाऊन रिकाम्या व भरलेल्या बसच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजावी. दोन्ही वेळच्या भाराचा अंदाज चालकाकडून घेतला तर मागच्या स्प्रिंगांची ताठरता त्यांना वहीत काढता येईल, आणि मग ५ चा नियम वापरून दोन्ही वेळची वारंवारताही. उत्तर १० ते २० टक्क्यांनी चुकले तरी बिघडत नाही. बस मोजल्याचा आनंद त्याहून मोठा आहे.

आमच्या सहकाऱ्याने पुढे ते ठोकळे काढून टाकले आणि थकलेल्या स्प्रिंगांच्या जागी त्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी पूर्ववत भरल्यावर थोडी खाली बसते, वळणावर थोडी कलते. ‘कलते म्हणजे मला काहीतरी सांगते आहे, हे आता कळले,’ असे ते परवा म्हणाले. लंबकांचा प्रयोग किंवा बसची मोजणी ज्या शाळांत होईल, त्यांनी आपले आकडे आम्हाला जरूर कळवावेत. जुळले नाहीत तर विशेष करून कळवावेत.